फक्त ॲडमिन बोलतील

आमच्या शेतीसल्ला ग्रुपमध्ये साडेतीनशे शेतकरी आहेत आणि बोलतो एकच. 'फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात' ही पाटी तळाशी कायमची. परवा 'हलक्या सरींची शक्यता, फवारणी टाळा' असा निरोप आला, तेव्हा आम्ही पाठीवरचा पंप उतरवून पडवीत निथळत बसलो होतो. निरोपाखाली अंगठा उमटवायची तेवढी मुभा आहे. उमटवला. साक्षरता वाढली म्हणतात, अंगठा काही सुटला नाही.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे आकाशवाणीने दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळं उभी केली होती. एका रेडिओभोवती माणसं जमायची, ऐकायची, हुज्जत घालायची आणि शंका लिहून थेट पुण्याला धाडायची. तिकडून उत्तरही यायचं! टपालावर चालणारी ही मागास व्यवस्था.

आता गावाला स्वतःचा सामुदायिक रेडिओ मिळू शकतो. फक्त त्यावर गावाने स्वतःची बातमी द्यायची नाही. आकाशवाणीची मात्र आहे तशी ऐकवता येते.

संध्याकाळी ॲडमिनचा संदेश आला : 'आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल आभार.'