माळ्यावरची आगगाडी पुन्हा सुरू करण्याबाबत सूचना

खोकं माळ्यावरून उतरवताना सोसायटीतल्या निवृत्त रेल्वेवाल्यांना सुगावा लागू देऊ नये. नाशिक रोडला खऱ्या इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटारी दुरुस्त करणारा कारखाना आहे, रेल्वेच्या विद्युत अभियंत्यांना शिकवणारी संस्थाही तिथेच. त्यामुळे अंगठ्याएवढ्या मोटारीवर मत द्यायला इथे माणूस शोधावा लागत नाही. तो येतो, चष्मा लावतो आणि थेट ‘वाइंडिंग गेलंय’ म्हणतो. वाइंडिंग उलगडू देऊ नये. अशा गाड्या बहुधा मळाने बंद पडतात.

आधी वीज बघावी. मुंबईकडून इगतपुरीपर्यंत पूर्वी तारेत 1500 व्होल्ट डीसी असे आणि पुढे 25,000 व्होल्ट एसी, म्हणून इगतपुरीला इंजिन बदलत. आपल्या घरी भिंतीत 230 व्होल्ट एसी आणि रुळांना लागतं साधारण 12 व्होल्ट डीसी. मधली ती काळी डबी म्हणजे आपली इगतपुरी. ती जिवंत आहे का, हे मल्टिमीटरने बघावं, जिभेने नव्हे. गाडी अमेरिकेच्या काकांनी आणलेली असेल तर डबीवर 120 लिहिलेलं असतं. तरीही सॉकेटमध्ये खोचलीच, तर गाडी जागची हलत नाही, धूर मात्र निघतो आणि आजोबा वाफेच्या इंजिनांच्या आठवणी सांगू लागतात. रुळांत मधोमध तिसरी पट्टी असेल तर गाडी बहुधा एसीवर चालणारी. तिला डीसी पाजण्याआधी खोक्यावरचं बारीक अक्षर वाचावं.

आता रूळ. पॉलिश पेपर घेऊन बसायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण त्याने चरे पडतात आणि पुढचा मळ त्या चऱ्यांतच मुक्कामाला येतो. शाळेचं साधं खोडरबर घ्यावं, रुळाच्या माथ्यावरून रेटून फिरवावं, मग फडक्याला स्पिरिट लावून पुसावं. फडकं काळंकुट्ट निघालं की ते गृहखात्याला न दाखवता टाकून द्यावं. चाकांनाही हीच शिक्षा. आसाभोवती केस गुंडाळलेले सापडतील. ते चिमट्याने काढावेत. कोणाचे, याची चौकशी नेमू नये.

मोटारीत दोन इवलेसे कार्बन असतात. झिजले असतील तर बदलावेत. ते ज्या तांब्याच्या गोलावर घासतात, त्याच्या फटींतली काळी पूड टूथपिकने उकरावी. आसाला शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. गोलावर तेल अजिबात नको, आणि खोबरेल तर कुठेच नको. निफाडचा पारा उतरला की नाशिकची खोबरेलाची बाटली गोठते, तिच्यासोबत इंजिनही गोठेल.

इतकं करून गाडी हलते. उलटी निघाली तर वायरींची अदलाबदल करावी. खरी परीक्षा सतरंजीच्या सुरकुतीवर. थळ घाटात चढ 37 फुटांना एक फुटाचा, म्हणून कसाऱ्याला गाडीच्या मागे बँकर इंजिनं लावतात. आपल्याकडे ते काम भाच्याच्या बोटाकडे असतं. फरक एवढाच, की बँकर इगतपुरीला सुटतात आणि भाचा सुटत नाही. त्याला जेवायला हाक मारावी.