सौजन्य

आमच्या बागेत माझ्या वडिलांच्या स्मरणार्थ एक बाक आहे. वडिलांचं नाव दीड इंचात आणि खाली 'सौजन्य' म्हणून माझं दोन इंचात. पेंटरची चूक, असं मी घरी सांगितलं. पेंटरला वर दोनशे रुपये दिले होते, ते नाही सांगितलं.

ही हौस मला एकट्याला आहे असं नाही. बागेतल्या पाट्या सवडीने वाचून बघा. चार झोपाळे, दोन घसरगुंड्या आणि चोच तुटलेली पेंग्विनची कचराकुंडी एवढ्या ऐवजावर आमच्याकडे सतरा नावं आहेत. कुणाच्या 'प्रयत्नांतून', कुणाच्या 'निधीतून', कुणाच्या 'शुभहस्ते'. पण माझा जीव जडलाय तो 'संकल्पनेतून'वर. 'मा. अमुकतमुक यांच्या संकल्पनेतून साकारलेला बाक.' म्हणजे तोवर मनुष्यजात उभीच होती! मुंबईच्या कमला नेहरू पार्कात १९५२ साली म्हातारीचा बूट आला, तिथे हा शब्द शोभेल. बुटात घर म्हणजे काहीतरी सुचलेलं आहे. तेही इंग्रजी बडबडगीतातून उचललेलं, पण चला. बाकात काय सुचायचं? चार पाय आणि एक पाठ. आमच्याकडे तर सांडपाण्याच्या झाकणालाही संकल्पनाकार आहेत.

अशा वातावरणात उद्यान मित्र मंडळ निघालं आणि मी न बोलावता चिटणीस झालो. पहिल्याच बैठकीत मी ओव्हल मैदानाचा दाखला दिला. तिथल्या रहिवाशांनी हायकोर्टापर्यंत जाऊन मैदान वाचवलं, वगैरे. टाळ्या पडल्या. मग घरटी पाचशे रुपये वर्गणी ठरली आणि टाळ्या थांबल्या.

जमलेल्या पैशांत पालापाचोळ्याच्या खताचा खड्डा झाला. पानं टाकली की खत होतं अशी माझी समजूत. नुसता पाचोळा टाकून ठेवला तर तो महिनोन्‌महिने पाचोळाच राहतो. त्याला पाणी लागतं, शेणकाला लागतो, आंबट ताक लागतं, अधूनमधून वरखाली करावं लागतं. शेणकाला कुणी कालवायचा यावर दोन तास चर्चा झाली. कालवला माळ्याने. 'गांडूळखत प्रकल्प' ही पाटी मात्र गांडुळांच्या आधी येऊन उभी होती. सतराची अठरा नावं झाली. अठरावं कुणाचं, ते विचारू नका.

त्याच सुमारास बैठकीत कुणीतरी म्हणालं, बाग अकरा ते चार बंद असते, ती दुपारी उघडी ठेवायला अर्ज करू या का? "नको नको, जोडपी येऊन बसतात," असं म्हणून विरोधात पहिला हात मी वर केला. विषय दोन मिनिटांत संपला. चहा आला होता.

पुढे मे महिन्यात एकदा घरची किल्ली घरातच राहिली आणि मंडळी लग्नाला गेलेली. दुपारचा दीड. सवयीने बागेपाशी आलो तर फाटकाला कुलूप. गजांतून माझा बाक दिसत होता. बकुळीच्या गार सावलीत, स्वच्छ, रिकामा.

बाहेर फुटपाथवर, भिंतीवरून वाकलेल्या फांदीची हातभर सावली पडली होती. तिथे एक बाई डबा खात बसल्या होत्या. भाकरी, मेथी, कागदात मीठ. "बसा की काका," म्हणत त्या जरा सरकल्या. मी बसलो. फरशी तापलेली होती.

"रोज इथेच जेवता?"

"मग कुठं? सकाळची तीन कामं उरकली. आता चारला पुढची. तोवर सगळ्यांच्या घरी झोपलेले असतात."

सावली सरकली तशा त्या सरकल्या, त्यांच्यामागे मी. पुढे गटाराचं झाकण होतं, त्यामुळे फार सरकायलाही जागा नव्हती.

डबा बंद करून त्यांनी चूळ भरली आणि गजांतून आत बघितलं. "ते बाकडं लई चांगलंय. काय लिहिलंय हो त्याच्यावर?"

दोन वर्षं मी या एका प्रश्नाची वाट बघत होतो. दोन इंची अक्षरं, काळ्यावर पांढरी.

"इथून नीट दिसत नाही," मी म्हणालो.