मूडभाऊ

प्रत्येक सोसायटीत टाकीतल्या पाण्यावर नजर ठेवणारा एक जण असतो आणि पार्किंगच्या पट्ट्यांवरून भांडणारा दुसरा. बेटेगावातल्या आमच्या सोसायटीत या दोघांशिवाय मूडभाऊ आहेत. त्यांचं खरं नाव सोसायटीच्या वहीत आहे, पण ते मेंटेनन्सची पावती करतानाच लागतं. एरवी वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना मूडभाऊच म्हणतात. परवा कुरिअरवाल्यानं गेटवर खरं नाव विचारलं, तर वॉचमननं त्याला परत पाठवलं. असं कोणी इथं राहत नाही म्हणाला.

त्यांचं घर दाखवावं लागत नाही. तिन्हीसांजेला बोईसर-चिल्हार रस्त्याच्या कडेला उभं राहून वर बघायचं. सगळ्या खिडक्या ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडात न्हालेल्या असतात आणि एकच जांभळी असते. दहा मिनिटांनी ती हिरवी होते. पावसाळ्यात कधीकधी ती गुलाबीही असते. त्या दिवशी वहिनी माहेरी गेलेल्या असतात किंवा माहेराहून परत आलेल्या असतात. दोन्हींपैकी नेमकं काय, ते खालून कळत नाही.

मराठी घरात उजेडाकडून फार अपेक्षा नसतात. तांदळातला खडा दिसावा, पोराच्या वहीतलं अक्षर दिसावं आणि पाहुण्याला पोह्यावरचं खोबरं दिसावं, एवढं झालं की उजेड पास. म्हणूनच आपल्याकडे साडेसहा हजार केल्विनचा निळसर पांढरा उजेड सर्वत्र पसरला. मेणबत्ती असते एकोणीसशेच्या आसपास, जुना पिवळा बल्ब सत्तावीसशेचा. हे आकडे मला मूडभाऊंनी जिन्यात पाठ करून घेतले. लिफ्ट बंद होती, मला सुटका नव्हती.

मूडभाऊ मूळचे अमळनेरकडचे. तारापूर एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहेत, फर्स्ट-सेकंड-नाईट अशा फिरत्या पाळीवर. बेटेगावात अशीच माणसं राहतात. २००९ साली टाटा हाउसिंगनं इथं 'शुभगृह' जाहीर केलं, तेव्हा सगळ्यात लहान घराची किंमत चार लाखांच्या आत होती. पुढे २०१३ मध्ये लोकल डहाणूपर्यंत गेली, २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला आणि भातखाचरांच्या कडेनं बिल्डिंगा उगवत राहिल्या. आता बोईसरला बुलेट ट्रेनचं स्टेशन होणार म्हणून इथला एजंट सज्जातून दिसणाऱ्या डबक्यालाही लेक-व्ह्यू म्हणतो. अशा घरात हॉल म्हणजेच बेडरूम, हॉल म्हणजेच देवघर आणि पाहुणे आले की हॉल म्हणजेच गेस्टरूम. भिंत सरकवता येत नाही. रंग मात्र बदलता येतो. मूडभाऊंनी हे आमच्या सगळ्यांच्या आधी ओळखलं.

फोनमधल्या ॲपवरून रंग बदलणारा पहिला दिवा त्यांनी मुलीच्या वाढदिवसाला आणला, मुलीसाठी म्हणून. ती दोन दिवस त्याच्याशी खेळली आणि मग खडूंकडे वळली. मूडभाऊ मात्र दिव्यातून अजून बाहेर आलेले नाहीत. "काका, एक कोटी सदुसष्ट लाख सत्त्याहत्तर हजार दोनशे सोळा रंग," त्यांनी मला सांगितलं. लाल, हिरवा आणि निळा, प्रत्येकाच्या दोनशे छप्पन्न पायऱ्या, तिन्हींचा गुणाकार. हिशेब चोख आहे, मी करून पाहिला. वहिनी त्यातले दोनच वापरतात, चालू आणि बंद.

रंगांवरून त्या नवरा-बायकोत मुळात भाषेचीच अडचण आहे. ॲपमध्ये नावं असतात सेरेनिटी, ट्रॉपिकल ट्वायलाइट, अरोरा. वहिनी साड्यांच्या दुकानात वाढल्यासारख्या बोलतात. "अहो, तो आमसुली काढा, डोळ्याला बोचतो. मघाचा अबोली बरा होता." आणि मूडभाऊ ॲपमध्ये अबोली शोधत बसतात. पावणेदोन कोटी रंगांत अबोली सापडत नाही. चिंतामणी तर नाहीच नाही. नवरात्रात मात्र दोघांचं जमतं. वर्तमानपत्रातला त्या दिवसाचा रंग वहिनी अंगावर नेसतात आणि मूडभाऊ छताला नेसवतात. मागच्या वर्षी करड्या रंगाच्या दिवशी ते हताश होऊन माझ्याकडे आले. करडा उजेड नावाची गोष्टच जगात नसते, दिवा मंद केला तर तो मंद पांढराच दिसतो, हे त्यांना त्या दिवशी कळलं आणि ते बराच वेळ माझ्या सोफ्यावर बसून राहिले. माझ्या ट्यूबखाली.

निळ्या रंगाबद्दल ते हळवे आहेत. लाल आणि हिरवा एलईडी कधीच झाले होते, निळा कोणाला नीट जमत नव्हता. तो जमवला म्हणून आकासाकी, आमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. निळ्याशिवाय पांढरा एलईडी नाही आणि मूड तर नाहीच. हे सगळं ते आपल्या आईला, म्हणजे आजींना, समजावून सांगत होते. आजींनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "एवढं नोबेल मिळालंय, तर हा मेला दर दोन दिवसांनी रुसतो कशाला?"

तो रुसतो, कारण आजी भिंतीवरचं बटण बंद करतात. त्यांनी भारनियमन पाहिलंय. बारा-बारा तास वीज नसलेल्या गावात संसार केलाय. खोलीतून बाहेर पडताना हात बटणाकडे जातोच. आता हा दिवा असा की, त्याला भिंतीवरून बंद केलं तर तो फोनचं ऐकत नाही. त्याला सतत वीज हवी. तो 'बंद' असला तरी कान देऊन बसलेला असतो आणि त्यासाठी अर्धा वॉट खातो. आजींना हे पटणं शक्यच नव्हतं. "बंद असून खातो? मग तो बंद कसला रे?" मूडभाऊंनी तोड काढली: आई, तुझा तो लाल झिरोचा बल्ब रात्रभर बारा-पंधरा वॉट खायचा. जुन्या मीटरला तेवढं कळायचं नाही, म्हणून त्याला झिरो म्हणत. आजी दोन क्षण गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मीटरला कळत नव्हतं ना? मग झालं तर."

शेवटी मूडभाऊंनी कारखान्यातला उपाय केला. तिथं दुरुस्तीच्या वेळी मशीनच्या स्विचला कुलूप घालून लाल टॅग लटकवतात, 'चालू करू नये, माणूस कामावर आहे'. त्याच धर्तीवर हॉलच्या बटणाला त्यांनी सेलोटेप लावली आणि खाली पुठ्ठा टांगला: 'बंद करू नये. मूड चालू आहे.' आजींना चष्म्याशिवाय वाचता येत नाही, आणि चष्मा शोधायला उजेड लागतो, म्हणून त्यांनी टेप काढून बटण दाबलं. दिवा बंद झाला. मग पुन्हा दाबलं. असं तीन-चारदा झालं की दिव्याला वाटतं, मालकाला आपल्याला नव्यानं जोडायचंय. तो धडधड उघडझाप करू लागला. समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी ग्रुपवर लिहिलं, 'सी विंगमध्ये कोणीतरी खिडकीतून खुणा करतंय.' वॉचमन काठी घेऊन वर गेला. दारात त्याला आजी भेटल्या. "काय करी राहिना रे भाऊ?" त्यांनी त्यालाच विचारलं.

मूडभाऊंवर हसणं सोपं आहे आणि आम्ही ते नियमित करतो. पण मी एकदा त्यांच्याकडून त्यांच्या कंट्रोल रूमचं वर्णन ऐकलं, तेव्हापासून मला त्यांचं जरा वेगळं वाटतं. तिथं भिंतभर दिव्यांचा तक्ता असतो. हिरवा म्हणजे पंप चालू, पिवळा म्हणजे कुठंतरी दाब वाढतोय, लाल उघडझाप करू लागला की प्लांट ट्रिप होण्याआधी धावायचं. आठ तास दिवे सांगतील ते हा माणूस करतो. घरी आल्यावर चार तास तरी आपण सांगू ते दिव्यानं करावं, एवढंच त्याचं म्हणणं. पाचशे रुपयांत हुकूम ऐकणारं दुसरं काही बेटेगावात मिळत नाही.

अडचण एकच. कारखाना अंगात मुरलाय. लग्नाच्या वाढदिवसाला त्यांनी 'रोमान्स' नावाचा सीन लावला, अख्खा हॉल लाल. मुलगी आजीबरोबर खालच्या बागेत. वहिनींनी खानदेशी भरीत केलेलं, कळण्याची भाकरी. मूडभाऊ पाटावर बसले आणि दोनच मिनिटांत उठून गॅसचा रेग्युलेटर तपासून आले. परत बसले. परत उठले, गिझर बघितला. "अहो, झालंय काय?" वहिनींनी विचारलं. "काही नाही, उगाच वाटलं काहीतरी ट्रिप होतंय." लाल उजेडात बसून त्यांना प्रेम सुचेना, बिघाड सुचत होता.

त्यात भरीत. लाल उजेडात हिरवी वस्तू काळी दिसते, हे आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर सोडून देतो. ठेचताना एक सबंध मिरची राहून गेली होती. त्या उजेडात ती वांग्याच्या करपलेल्या सालीसारखीच दिसत होती. मूडभाऊंनी ती पूर्ण विश्वासानं खाल्ली. पुढचा अर्धा तास सीन कोणताही असो, त्यांचा चेहरा लालच होता. त्या रात्री वहिनींनी ट्यूब लावली आणि उरलेलं जेवण ट्यूबखाली झालं. वहिनींचं म्हणणं, खरा वाढदिवस तिथून पुढे झाला. दोघं हसून हसून बेजार झाली होती. हे मूडभाऊ कधी सांगत नाहीत.

त्यांचा सगळ्यात लाडका सीन 'सनसेट'. साडेसहाला आपोआप लागतो. छत आधी केशरी, मग तांबूस, मग गर्द जांभळं, पंधरा मिनिटांत सूर्य बुडतो. चिंचणीचा समुद्र गाडीनं अर्ध्या-पाऊण तासावर आहे आणि तिथं हा कार्यक्रम रोज फुकट असतो, हे मी एकदा सुचवलं. "काका, बोईसरचं ट्रॅफिक बघितलंय का? पोचेपर्यंत सूर्य गेलेला असतो. आणि तिथला मला पॉज करता येत नाही." नाईट पाळीहून आले की ते सकाळी नऊला पडदे लावून सनसेट लावतात, झोप यावी म्हणून. त्यामागचं शास्त्र खरं आहे. निळसर उजेड मेंदूला दिवस सांगतो, तांबूस उजेड सांगत नाही. पण मेंदू फसला तरी बाहेर भंगारवाला फसत नाही. सूर्य नेमका बुडत असताना खालून लाउडस्पीकरवर जुनं फ्रिज, जुनं कूलर सुरू होतं.

आणि मग लाईट जाते. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथं तारापूरला १९६९ पासून वीज करतंय, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना मेणबत्तीच्या उजेडात सांगतो. केंद्राचा दोष नाही, मधे कुठंतरी तारेवर फांदी पडलेली असते. लाईट गेली की मूडभाऊंची सत्ता संपते आणि आजींची सुरू होते. आजींच्या समईला वाय-फाय लागत नाही. तो एकोणीसशे केल्विनचा उजेड बघून मूडभाऊ एकदा मला हळूच म्हणाले, "हा सीन मला ॲपमध्ये अजून बसवता आला नाही." खरी गंमत पहाटे तीनला होते. वीज परत येते आणि दिव्याला आदल्या रात्रीचं काही आठवत नाही. तो पूर्ण पांढऱ्या उजेडात भप्पकन पेटतो. मुलगी उठून दप्तर भरायला लागते.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाच्या बारशाला मूडभाऊंनी मला तोच दिवा भेट दिला. स्वतः स्टूलवर चढून बसवला. माझा राउटर पाच गिगाहर्ट्झवर होता, दिव्याला अडीचच्या आतलाच चालतो. तेही जुळवून दिलं. मी आभार मानले, त्यांनी "त्यात काय काका" म्हटलं आणि गेले.

आठवडाभर दिवा सरळ वागला. मग एका रात्री साडेअकराला मी टीव्हीवर मॅचची शेवटची षटकं बघत होतो, तोच हॉल आपोआप तांबूस झाला, मग मंद, मग आणखी मंद. मी बटण शोधत होतो तेवढ्यात फोन वाजला.

"काका, अजून जागे? दिवा माझ्याच फोनला जोडलेला राहिलाय, आत्ता लक्षात आलं."

"अरे मग काढ ना तो तुझ्यावरून."

"काढतो की, उद्या. आज झोपा. मॅच गेली आपली, मी बघितली."