चोर बीटीचे शासकीय वर्गीकरण

भारतात जनुकीय बदल केलेले (जीएम) पीक शेतात लावायचे, तर केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या जनुकीय अभियांत्रिकी मूल्यमापन समितीची संमती लागते. आधार १९८६चा पर्यावरण संरक्षण कायदा आणि त्याखालची १९८९ची नियमावली. प्रयोगांवर नजर ठेवणारी समिती जैवतंत्रज्ञान विभागाची, बियाण्याचा दर कृषी खात्याचा, खाण्याचा प्रश्न आला की अन्नसुरक्षा प्राधिकरण, आणि २०११पासून ज्या राज्यात चाचणी घ्यायची त्या राज्याची ना-हरकत वेगळी. एवढे उंबरे ओलांडून शेतकऱ्याच्या रानात कायदेशीरपणे पोहोचलेले पीक आजवर एकच, बोंडअळीला मारक जनुक घातलेला बीटी कापूस. त्याच्याच शेजारच्या तासात, अर्ज न करता उभे असते ते चोर बीटी.

परवानगी मिळवण्याची सर्वांत खात्रीची पद्धत नियमावलीत दिलेली नाही. ती गुजरातेत सापडली. २००१च्या हंगामात बोंडअळीने सगळीकडचा कापूस फस्त केला, पण नवभारत १५१ नावाचे वाण मजेत उभे राहिले. ही विसंगती मूल्यमापन समितीच्या आधी जालन्याच्या महिको कंपनीच्या लक्षात आली, कारण ती स्वतः परवानगीच्या रांगेत ताटकळत होती. हजारो एकरांवर पसरलेले ते विनापरवाना बीटी पीक जाळून टाकण्याचा हुकूम ऑक्टोबरमध्ये सुटला. हाताशी आलेला कापूस जाळायला शेतकरी तयार नव्हते. शरद जोशींची शेतकरी संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. मार्च २००२मध्ये महिकोच्या तीन संकरित वाणांना रीतसर मंजुरी मिळाली. आधी पीक, मग हुकूम, मग परवानगी, असा हा क्रम आहे.

उलट क्रमाने गेल्यास काय होते, याचे उदाहरण बीटी वांगे. त्याने चाचण्या दिल्या, अहवाल दिले, आणि ऑक्टोबर २००९मध्ये समितीचा होकारही मिळवला. मग पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१०ला त्याला स्थगिती दिली. स्थगितीला मुदत नव्हती, त्यामुळे ती संपलेली नाही. बांगलादेशाने २०१३मध्ये बीटी वांग्याला मंजुरी दिली. २०१९मध्ये हरियाणातल्या फतेहाबाद जिल्ह्यात एका शेतात विनापरवाना बीटी वांगे आढळले आणि ते उपटण्यात आले. पद्धत गुजरातचीच होती. क्षेत्र कमी पडले.

चोर बीटीचे मूळ वाण म्हणजे तणनाशक सहन करणारा कापूस. त्याच्या मंजुरीचा अर्ज महिकोने २०१६मध्ये मागे घेतला. बियाणे मात्र मागे फिरले नाही. खरीप तोंडावर आला की ते विदर्भात गावोगाव पोहोचते. त्याच्या व्यवहारात पावती नसते. उगवण झाली नाही तर तक्रार करायला ना दुकान, ना कंपनी. तरीही मागणी घटत नाही, कारण निंदणीला मजूर मिळत नाहीत आणि मिळाले तरी मजुरी परवडत नाही. पावसाची झड लागली की डवरणीही होत नाही. अशा वेळी फवारायचे ते ग्लायफोसेट. या औषधाला मान्यता होती ती चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जागेसाठी. यवतमाळ जिल्ह्यात चहाचे मळे नाहीत. २०२२मध्ये केंद्राने यापुढे ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच फवारावे, असे ठरवले. म्हणजे बेकायदा पिकावर औषध मारण्यासाठी आता परवानाधारक माणूस बोलवावा लागेल.

शिक्षा मात्र स्पष्ट होती: २०२४पर्यंत विनापरवाना वाण पेरल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. जून २०१९मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहाँगीर येथे शेतकरी संघटनेने चोर बीटीची पेरणी आधी जाहीर करून, सभा भरवून केली, तेव्हा गुन्हे नोंदवावेच लागले. एरवी कारवाईलाही हंगाम असतो. पेरणीच्या तोंडावर भरारी पथके फिरतात, पाकिटे पकडतात, फोटो छापून येतात. एकदा दाणा मातीत गेला की बियाण्याचे पीक होते, आणि पीक पथकाच्या पिशवीत मावत नाही. जिनिंगच्या काट्यावर तर वजन आणि ओलावा एवढेच पाहिले जाते.

अधिकृत बीटीची शिस्तही अशीच. साडेचारशे ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅम साधे बियाणे दिले जाई. ते कडेने लावायचे, म्हणजे अळीला साधा पाला खायला मिळून तिची प्रतिकारशक्ती वाढत नाही. अळीसाठी जमीन सोडणारा शेतकरी गृहीत धरलेला होता. पाकिटे बांधावर राहिली, आणि २०१७मध्ये गुलाबी बोंडअळीने दोन जनुकांचा बीटी खाऊन दाखवला. चोर बीटीत तर बांधावर टाकायलाही पाकीट येत नाही.

खाण्याच्या बाबतीत वर्गीकरण आणखी सूक्ष्म आहे. रुई काढल्यावर उरलेल्या सरकीचे तेल माणसे खातात, पेंड दुभती जनावरे खातात. जीएम सोयाबीन इथे पेरता येत नाही, पण परदेशात पिकलेल्याचे तेल वर्षानुवर्षे येते. ऑगस्ट २०२१मध्ये कोंबडीखाद्य महागले, तेव्हा जीएम सोयाबीनची १२ लाख टन पेंड आणायला मुभा मिळाली. पेंडेत सजीव घटक नसल्यामुळे पर्यावरणाला हरकत नव्हती. भाव पडल्याची हरकत सोयाबीन उत्पादकांनी घेतली. ते सजीव असले तरी नियमावलीत येत नाहीत. जीएम अन्नाच्या वेष्टनावर ‘जीएम’ ही अक्षरे ठळक छापावीत, असा नियम जानेवारी २०१३पासून लागू झाला. किराणा दुकानात ती शोधून पाहावीत.

शेवटचा मान मोहरीचा. दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या डीएमएच-११ला ऑक्टोबर २०२२मध्ये सशर्त हिरवा कंदील मिळाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. जुलै २०२४मध्ये खंडपीठाच्या दोन न्यायमूर्तींनी दोन वेगळे निकाल दिले. सरकारने राष्ट्रीय धोरण आखावे, एवढ्यावर मात्र त्यांचे एकमत झाले. मोहरी मोठ्या पीठाकडे गेली. पुढच्या जूनमध्ये विदर्भात नेहमीप्रमाणे भरारी पथके निघाली.