अंधारातलं चित्रप्रदर्शन: नवशिक्यांसाठी कृती

साहित्य: एक पांढरा सदरा, आवाज न करणाऱ्या चपला, पोटभर नाश्ता आणि हाताशी निदान दीड तास. सोबतीला एखादा मित्र चालेल. 'ह्यात पाहायचं काय?' असं खणखणीत आवाजात विचारणारे मामा मात्र नेऊ नयेत. मी नेले होते.

पहिली अडचण पत्त्याची. मुंबईच्या जहांगीर कलादालनात रस्त्यावरून थेट शिरता येतं, पावसाची सर आली तरी लोक शिरतात. रेखाटन, देहाचा प्रयोग आणि दिव्यांचे खेळ एकत्र मांडणारी प्रदर्शनं मात्र बऱ्याचदा फोर्ट-कुलाब्यातल्या जुन्या इमारतींत, वरच्या मजल्यावर भरतात. खाली वकिलाची पाटी, शेजारी झेरॉक्सवाला, मग जाळीच्या दाराची लिफ्ट. दार लोटलेलं असेल तर बेल वाजवावी. तिकीट नसतं. हे कळल्यावर नवशिक्याला जास्तच धडकी भरते, कारण फुकट आत घेतात म्हणजे नक्कीच परीक्षा घेणार!

दाराशी भिंतीवर मजकूर असतो. तो आधी वाचू नये. 'अवकाश', 'देह', 'स्मृती' आणि 'हस्तक्षेप' हे चार शब्द त्यात असणारच, ते कुठे पळून जात नाहीत.

आत शिरल्यावर डोळे सरावेपर्यंत जागचं हलू नये, आणि दमलात तरी भिंतीला टेकू नये. १९८० साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जेम्स टरेल ह्या कलाकारानं नुसत्या प्रकाशाची 'भिंत' उभी केली होती. लोक विश्वासानं टेकायला गेले आणि पडले. प्रकरण कोर्टात गेलं. पंढरपूरच्या रांगेत उभं राहायची सवय असलेल्यांना हा धोका कमी.

धूर दिसला तर घाबरू नये. अँथनी मॅकॉलच्या 'लाइन डिस्क्रायबिंग अ कोन' (१९७३) ह्या कलाकृतीत प्रोजेक्टरमधून आधी एक ठिपका येतो, मग तीस मिनिटांत त्या ठिपक्याचं सावकाश वर्तुळ होतं. पडद्याकडे बघत बसलात तर फसलात. खरी गंमत मधल्या हवेत, जिथे उजेडाचा पोकळ शंकू तयार होतो. तो दिसायला हवेत काहीतरी तरंगायला लागतं. सुरुवातीच्या काळात धूळ आणि प्रेक्षकांच्या सिगारेटींवर भागायचं, आता धुराचं यंत्र लावतात. त्यात हात घालावा. इतर ठिकाणी 'हात लावू नका' ऐकत मोठे झालेल्यांना हे जमायला वेळ लागतो.

आता पांढऱ्या सदऱ्याचं. चित्रकार नलिनी मलानी यांच्या छायानाट्यांत पारदर्शक मायलारची मोठी नळकांडी टांगलेली असतात. त्यांच्यावर काचचित्रासारखं उलट बाजूनं रंगवलेलं असतं आणि ती संथ फिरत राहतात. 'इन सर्च ऑफ व्हॅनिश्ड ब्लड' (२०१२) मध्ये अशी पाच आहेत. त्यांच्यातून प्रकाश सोडला की चित्रांच्या सावल्या भिंतीभर धावतात आणि वाटेत तुम्ही असाल तर तुमच्या छातीवरूनही जातात. काळा कुर्ता, काळी शबनम असा जाणकाराचा वेश करून आलेल्याच्या अंगावर काहीच उमटत नाही.

ह्याच मलानींनी १९९२ साली, गॅलरी केमोल्ड जहांगीरच्या पहिल्या मजल्यावर होती तेव्हा, तिथल्या भिंतींवरच चित्रं काढली. 'सिटी ऑफ डिझायर्स' हे नाव. नाथद्वाऱ्याच्या जुन्या भित्तिचित्रांची हेळसांड चालली होती, तिच्याविरुद्धचा तो निषेध होता. प्रदर्शन संपलं आणि भिंतींवर पांढरा रंग फिरला. संग्राहकाला हे ऐकून चक्कर येईल. आमच्या चाळीत मात्र रोज सकाळी एवढी रांगोळी निघायची आणि नऊच्या आत दूधवाल्याच्या सायकलखाली जायची. तिच्यासाठी कोणी हळहळलेलं मला आठवत नाही.

प्रयोग करणारा माणूस खोलीत असेल तर सगळ्यात जास्त चुका होतात. निखिल चोप्रा हा प्रयोग-कलावंत कोळशानं भिंतभर दृश्य रेखाटतो, मधेच जेवतो, झोपतो, दाढी करतो, कपडे बदलून दुसराच कोणी होतो. त्याचं योगराज चित्रकार हे पात्र निसर्गचित्रं काढणाऱ्या त्याच्या आजोबांवरून सुचलेलं. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात तो सलग नऊ दिवस, रात्रीसुद्धा, मुक्कामाला होता. अशा ठिकाणी 'सुरू कधी होणार?' असं विचारू नये. तो दाढी करतोय म्हणजे सुरूच आहे. पाच मिनिटांत निघालात तर एक माणूस कोळसा उगाळतोय एवढंच दिसेल. तासभर बसलात तर कोळशानं काळी पडलेली त्याची नखं दिसतात, खांदा भरून आल्यावर रेघ कशी बदलते ते दिसतं. माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे, भिंतीवरचं पूर्ण झालेलं चित्र दुय्यम.

विकत घ्यायचा विचार असेल तर कागद जपा. डॅन फ्लेविनच्या ट्यूबलाइटच्या कलाकृतींबरोबर प्रमाणपत्र येतं, ते हरवलं की हातात फक्त ट्यूबलाइट राहते. २०१० साली युरोपीय आयोगानं तर करापुरता निकालच दिला की हे दिव्यांचं सामान आहे.

मामांचं राहिलं. ते कुडाळचे, आयुष्यभर वायरमन. मी त्यांना नेलं त्या प्रदर्शनात दिवा हळूहळू मंद होत होता आणि अचानक पूर्ण काळोख झाला. पंधरा-वीस जण श्वास रोखून उभे होते. एकीनं डोळे मिटले होते, म्हणजे नंतर तिनंच तसं सांगितलं. दोन मिनिटं अशी भक्तिभावानं गेल्यावर मामांचा आवाज आला, "अरे, एमसीबी पडलो हा. बोर्ड खंय आसा?" बोर्ड सापडला, खटका वर झाला, उजेड आला. दोघा-तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्या कोणासाठी होत्या, हे आजवर ठरलेलं नाही.

जिना उतरताना मी मलानी, मॅकॉल वगैरे समजावून सांगत होतो. मामा म्हणाले, "ह्या तर आमच्या पिंगुळीतसुद्धा आसा." खोटं नव्हतं. पिंगुळी हे कुडाळजवळचं गाव. तिथे चामड्याच्या रंगीत बाहुल्या, पडद्यामागे दिवा, आणि चित्रकथीची पोथी पुढ्यात धरून रामायण सांगणारा ठाकर कलावंत. रेखाटन, प्रयोग, प्रकाश, तिन्ही आलं. तिथल्या परशुराम गंगावण्यांना २०२१ ची पद्मश्री मिळाली आणि त्यांनी आपल्या गोठ्यातच ह्या कलेचं संग्रहालय थाटलंय. कुडाळ स्टेशनबाहेर रिक्षा मिळते.