भीमथडी बेवारस कशी झाली

बेनाला, व्हिक्टोरिया

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

खुशालीचं, मुलांचं आणि इथल्या थंडीचं सौ. वेगळं लिहिणार आहे, त्यामुळे मी सरळ वादावर येतो. माझं म्हणणं असं की भीमथडी हे आपल्या जुन्या तालुक्याचं नाव न्यायानं दौंडचं आहे आणि आपण ते फुकापासरी हातचं जाऊ दिलं. वहिनींचं माहेर बारामतीचं, म्हणजे दुसऱ्या पक्षाचं, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच पुरावा इतक्या लांबचा आणलाय की त्यात कुणाला भावकी काढता येऊ नये.

तर पुरावा बेनाल्याचाच. १९९४ च्या सुमारास व्हिक्टोरियाचे प्रीमियर, म्हणजे आपल्या भाषेत मुख्यमंत्री, जेफ केनेट यांनी राज्यातल्या २१० स्थानिक पालिकांची मोट बांधून त्या ७८ वर आणल्या. निवडून आलेले सदस्य घरी आणि त्यांच्या खुर्चीवर सरकारनं नेमलेले आयुक्त. (प्रशासक नेमणं ही खास आपली कला आहे, असा अभिमान असेल तर तो सोडा.) ग्रामीण पालिकेला इकडे ‘शायर’ म्हणतात. रस्ते, कचरा, वाचनालय आणि कुत्र्यांची नोंदणी हा तिचा संसार. बेनाला आणि मॅन्सफील्ड ही दोन गावं आपापल्या मुलखासकट एका दावणीला बांधली गेली. बेनाला नाव दिलं तर मॅन्सफील्ड रुसणार, मॅन्सफील्ड दिलं तर बेनाला. मग नाव आलं नदीचं, ‘डेलाटाइट शायर’. गंमत अशी की डेलाटाइट नदी वाहते मॅन्सफील्डच्या बाजूनं आणि कचेरी बेनाल्यात, ब्रोकन नावाच्या भलत्याच नदीच्या काठी. नाव एकीचं, खुर्ची दुसरीची. असला संसार किती टिकणार? २००२ च्या ऑक्टोबरात काडीमोड झाला. बेनाल्यानं बेनाला घेतलं, मॅन्सफील्डनं मॅन्सफील्ड, आणि डेलाटाइट कुणीच मागितलं नाही. ते आता नदीवर आणि तिथल्या एका वायनरीच्या बाटल्यांवर तेवढं उरलंय.

आता भीमथडी पाहा. इंग्रजी अमदानीत पुणे जिल्ह्याचे तालुके म्हणजे जुन्नर, खेड, मावळ, हवेली, शिरूर, पुरंदर, इंदापूर आणि आपली भीमथडी. थडी म्हणजे काठ, इतका सरळ अर्थ. हा तालुका पाटस-दौंडपासून सुपे-बारामतीपर्यंत पसरलेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं मुख्य ठाणं कुठे? तर बारामतीला. बारामती कऱ्हेच्या काठी, भीमा आपल्या दाराशी. म्हणजे पुन्हा तेच, नाव आपल्या नदीचं आणि मामलेदार त्यांच्या गावात. पुढे तालुका फुटला तेव्हा त्यांनी बारामती लावलं, आपण दौंड लावलं, आणि भीमथडी डेलाटाइटच्या वाटेनं गेली. यावरून माझं अनुमान असं की नदीचं नाव हे तडजोडीचं असतं. दोन गावं एकत्र नांदतात तोवर त्याची गरज, कारण त्यानं कुणाच्याच पोटात दुखत नाही. वाटणी झाली की दोघंही आधी आपल्या दारावर आपली पाटी लावतात, आणि सामाईक नाव वाटणीत न आलेल्या पाट्या-वरवंट्यासारखं अंगणात पडून राहतं.

तुम्ही लगेच म्हणाल की तालुका म्हणजे सरकारचं वसुलीचं ठाणं, त्याची तुलना लोकांनी निवडलेल्या शायरशी कशी करतोस? रास्त आहे. पण १८८४ च्या कायद्यानं तालुका लोकल बोर्डं आली, आणि रस्ते, शाळा, धर्मशाळा असला बराचसा शायरी कारभार (कवितेचा नव्हे) तालुक्याच्या हद्दीतच होऊ लागला. शिवाय हद्द कुणीही आखो, तिच्यात राहणाऱ्यांची सुखदुःखं एक होतात. १२ मे १८७५ ला सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि खतं काढून जाळली. ते सुपे भीमथडीतलं. त्यातून चौकशी आयोग आला आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. त्याच १८७९ साली, बेनाल्याच्या पलीकडच्या ग्रेटा भागातला दरोडेखोर नेड केली जेरिल्डेरीच्या बँकेत शिरला आणि त्यानं कर्जाचे कागद जाळले. आपल्या लोकांचा मुख्य रोख कागदांवर होता, त्यानं रोकडही नेली, एवढाच फरक.

वहिनींचा आक्षेप यापेक्षा जड आहे. त्या म्हणतील, भीमथडी ही तालुक्याहून जुनी नि मोठी. मराठ्यांच्या घोडदळातली भीमथडी तट्टं काय मामलेदाराच्या हद्दीत चरत होती? पुण्यातली भीमथडी जत्रा बारामतीच्या संस्थेनं भरवली तर बिघडलं काय? तट्टांचं मी मान्य करतो, त्यांना हद्द नव्हती. पण नाव मोठ्या मुलखाचं आहे, असं म्हटल्यावर तर तो मुलूख ज्या पाण्यावरून ओळखला गेला त्या पाण्याजवळच्यांचा हक्क वाढतो, कमी होत नाही. कऱ्हेकाठची माणसं भीमेचं नाव लावून पिठलं-भाकरी विकतात आणि भीमाकाठचे आपण तिकीट काढून ती खायला जातो. आणि जत्रा भरवणाऱ्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही, कारण त्यांनी निदान नाव वापरात ठेवलं. आपण काय केलं? तट्टाची सरकार-दरबारी देशी जात म्हणून नोंद झाली, राज्यगीतात त्याला मानाची जागा मिळाली. थोडक्यात, घोड्याचे कागद पूर्ण आहेत, तालुक्याचे नाहीत.

उरला प्रश्न की दौंडला हे नाव का नको झालं. मला वाटतं, रेल्वेमुळे. १८७८ ला मनमाडचा फाटा निघाला आणि दौंड जंक्शन झालं. १९१४ पासून तर बारामतीलाच आपल्याकडे येणारी छोटी गाडी धरावी लागली. देशभरच्या गाड्यांच्या पाट्यांवर ज्याचं नाव लागतं, त्या गावाला नदीचं आडनाव कशाला हवं? जंक्शनच्या माणसाला गाडीची वेळ पाठ असते, नदीची नसते. तरी तालुक्याचं नाव बदला असला अर्ज मी मुळीच सुचवत नाही. त्यात सातबारा, रेशनकार्ड आणि आधार यांचे फेरे तुमच्याच पायांना पडतील. एखादी शाळा, एखादं वाचनालय, गेला बाजार बचत गट, एवढ्याला भीमथडी लावून पाहा.

वहिनींना नमस्कार सांगा, आणि पत्र त्यांच्या हाती देण्याआधी त्यांचा चहा होऊ द्या.

आपला,
बंडू

ता. क. पाकिटावर मुद्दाम ‘मु. पो. दौंड, ता. भीमथडी’ लिहिलं आहे. पिनकोड बरोबर असल्यानं पत्र पोचेलच. पोस्टमननं ‘हा तालुका कुठला’ म्हणून विचारलं, तर त्याला भीमेचा पूल ओलांडायला न लावता खाली पाणी दाखवा.