घट नसलेला धातू

म्हैसूरच्या बाजूला बन्नूरचं नाव घेतात ते मेंढीमुळे. ठेंगणी, गुबगुबीत, मटणाला एकदम मऊ. सराफ लोक मात्र बन्नूर म्हटलं की आमच्या अण्णांची भट्टी सांगतात. विट्याकडचे गलाईवाले देशभर पांगले, त्यातलेच हे एक. विसाव्या वर्षी मूस घेऊन बन्नूरला उतरले ते उतरलेच. कन्नडातही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात, त्यामुळे मुलूख बदलला तरी हाक बदलली नाही.

सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातून सोनं काढणारा हा माणूस. कुठलीही गोष्ट दाखवा, याचे प्रश्न दोनच: टंच किती आणि घट किती? म्हणजे शुद्ध किती, आणि गाळताना जाणार किती. पोरगी सातवी पास झाली, हायस्कूल बघायची वेळ आली, तेव्हाही हेच दोन. वहिनी म्हणाल्या, "अहो, गावाकडं धाडू." अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला बरोबर घेतलं आणि बसमध्ये बसून म्हैसूर गाठलं.

एका शाळेने कौतुकाने मैदान दाखवलं. "पोरगी काय मेंढी हाय व्हय, मोकळी सोडायला?" प्रयोगशाळा त्यांनी खिडकीतूनच उरकली. त्यांना हवं होतं एकच: पहिली भाषा संस्कृत. हिशेब चोख होता. कर्नाटकात दहावीचे एकूण मार्क 625. बाकीचे पाच विषय शंभराचे, पहिली भाषा तेवढी 125ची. संस्कृतात ते सगळेच्या सगळे पडतात. वर उत्तरं कन्नडात किंवा इंग्रजीत लिहिली तरी चालतात, हे कळलं तेव्हा अण्णा खुर्चीत पुढे सरकले. "म्हंजी तेजाबाबिगर गाळप!"

आपण पुणेकरांनी हसू नये. 'पूर्ण संस्कृत की संयुक्त' हा खल आपल्याकडे तरी कुठे कालिदासासाठी होतो? कर्नाटकात निदान यावरून रान तरी पेटलं. संस्कृतच्या आडोशाने कन्नड टाळलं जातं, या वादातून गोकाक समिती आली आणि तिच्या अहवालासाठी 1982 साली कन्नड सिनेमाचे खुद्द राजकुमार रस्त्यावर उतरले. हे सगळं मी अण्णांना सांगितलं. त्यातले राजकुमार तेवढे त्यांना आवडले.

शेवटी एका शाळेत संस्कृतच्या मास्तरांशी गाठ पडली. अण्णांचं कन्नड फर्डं, पण धंद्याचे शब्द मराठीच राहिलेले. मास्तर संस्कारांवर बोलत होते. अण्णांनी मध्येच विचारलं, "ते असू द्या सर, घट किती?"

मास्तरांचा चेहरा उजळला. "घटः? अकारान्त, पुल्लिंगी!"

पालकाला एवढी गोडी असलेली त्यांनी प्रथमच पाहिली असावी. प्रवेश नक्की झाला. फी मात्र अण्णांच्या हातून सुटेना. मग मी चिंतामणराव देशमुख काढले: 1912च्या मॅट्रिकला पहिले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, पुढे मेघदूत मराठीत आणलं.

"आन् पोटापाण्याला?"

"रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर."

अण्णांनी तिथेच नोटा मोजल्या.

पोरीने 125 पैकी 125 पाडले. अण्णांनी आख्ख्या सराफ गल्लीत म्हैसूरपाक वाटला, आणि मी गेलो तेव्हा आम्हाला सोमनाथपूरला नेलं. बन्नूरपासून हाकेच्या अंतरावर. होयसळांचं केशव मंदिर, 1258चं. भिंतीवर बोटभरही जागा कोरी सोडलेली नाही. दारातच माणसापेक्षा उंच शिलालेख. अण्णांनी छाती काढून मला बाजूला सारलं, "बाय, काकाला वाचून दाव."

पोरगी बराच वेळ बघत राहिली. "पप्पा, हे जुनं कन्नड आहे."

"मग?"

"कन्नड माझी तिसरी भाषा."

अण्णा गप्प झाले. मग जवळ जाऊन त्यांनी शिळेवरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि राखणदाराला कन्नडात विचारलं, "हा दगड कुठल्या खाणीतला? कसोटीला चालंल का?"